तो वाईट नाहीये, आई

प्रश्न : माझे यजमान गेल्या मार्गशीर्षात गेले. त्याआधी अडीच वर्षं पॅरालिसिसने अंथरुणाला खिळून होते. लालबागला चाळीत आमची दहा बाय अठराची खोली. खिडकीशी पलंग, त्यावर ते, खाली मी आणि मुलगा. मुलगा वीस वर्षांचा, टीवायला आहे. मी पहाटे पाचला पोळीभाजी केंद्रात कामाला जाते, म्हणून रात्रीचं सगळं तोच करायचा. कुशीवर वळवणं, नळीतून पेज घालणं, डायपर बदलणं. लोक म्हणायचे, असा मुलगा नशिबाने मिळतो.

आता तो रात्र रात्र जुन्या लॅपटॉपवर एक भुताचा गेम खेळतो. हेडफोन लावतो म्हणून आवाज येत नाही, पण पडल्या पडल्या मला सगळं दिसतं. धुक्यातलं गाव, तोंडं नसलेल्या नर्सा, आणि एक धिप्पाड माणूस. त्याला डोकंच नाही, तिथे लोखंडी त्रिकोण. माणसाएवढा सुरा फरफटत नेतो. एकदा न राहवून म्हटलं, कसला रे हा सैतान घरात आणलास? तर म्हणाला, "तो वाईट नाहीये, आई." पुढे एक शब्द नाही. गेम संपला की पुन्हा पहिल्यापासून लावतो. कॉलेजला जातो, पण मित्र तुटलेत. यंदा गणपतीत मंडळाकडे फिरकला नाही. दहाव्याला बाणगंगेवर पिंडाला कावळा शिवायला दीड तास लागला, तेव्हापासून तो असा झालाय असं मला वाटतं. नणंद म्हणते, बाहेरचं आहे, विरारला एकजण बघतो. भाऊ म्हणतो, लॅपटॉप विकून टाक. वर्षश्राद्ध तोंडावर आलंय. मी काय करू?
– एक आई, लालबाग

उत्तर :

ताई,

लॅपटॉप विकू नका आणि विरारलाही जाऊ नका. हे आधी सांगून टाकते, कारण पत्र वाचताना सारखी धास्ती वाटत होती की उत्तराची वाट बघून बघून तुम्ही यातलं एखादं करून बसाल.

त्रिकोणी डोक्याच्या त्या माणसावरून मी गेम ओळखला. त्याचं नाव सायलेंट हिल २. जपानच्या कोनामी कंपनीने तो २००१ मध्ये काढला. पोलंडच्या ब्लूबर टीमने २०२४ मध्ये तो नव्याने घडवला, पण त्या आवृत्तीला महागडं यंत्र लागतं, तेव्हा तुमचा मुलगा जुनाच खेळत असणार. म्हणजे स्वतःच्या जन्माआधीचा गेम त्याने कुठून कुठून शोधून काढला. त्याच्या वयाची मुलं मोबाइलवर काय खेळतात ते तुम्हाला चाळीच्या गॅलरीत दिसत असेलच: गोळ्या, गाड्या, क्रिकेट. ते सोडून तो या एका गेमपाशी येऊन थांबला आणि तो संपला की पुन्हा सुरू करतो, हे मला पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य वाटलं. ते का, हे सांगायचं तर गेमची गोष्ट सांगावी लागेल. ज्या वाचकांना तो खेळायचा आहे त्यांनी इथेच थांबावं. ताईंना अर्धवट सांगून चालणार नाही.

जेम्स नावाचा एक माणूस असतो. त्याची बायको मेरी तीन वर्षांपूर्वी आजाराने गेलेली. एक दिवस तिच्या अक्षरातलं पत्र येतं, की सायलेंट हिलमधल्या आपल्या नेहमीच्या जागी मी तुझी वाट बघतेय. जेम्स त्या गावी जातो. गाव ओस पडलेलं, धुकं दाटलेलं, आणि धुक्यातून अंगावर येणाऱ्या आकृत्या. तो शोधत राहतो. शेवटी एका हॉटेलच्या खोलीत तो एक व्हिडिओ कॅसेट लावतो आणि त्याला स्वतःचंच कृत्य दिसतं. मेरीला आजाराने नेलं नव्हतं. तिच्या तोंडावर उशी दाबून जेम्सनेच तिला संपवलं होतं, आणि मग ते स्वतःपासूनच लपवलं होतं.

तुमच्या पोटात गोळा आला असेल. पण घाबरू नका. तुमच्या मुलाने काहीही केलेलं नाही. पत्रात तशी शंका घ्यायला तीळभर जागा नाही. ज्याने अडीच वर्षं रात्री जागून बापाच्या पाठीला जखमा होऊ दिल्या नाहीत, त्याची ही गोष्ट नाही. तो जेम्समध्ये स्वतःला बघत असेल तर कृत्यामुळे नव्हे, कृत्याच्या आधी मनात जे येतं त्यामुळे. माझा सगळा अंदाज या एका गोष्टीवर उभा आहे.

आता तो त्रिकोणवाला. त्याला पिरॅमिड हेड म्हणतात. मासाहिरो इतो नावाच्या चित्रकाराने तो घडवला. आधी त्यांनी मुखवटा घातलेला माणूस काढून पाहिला होता, पण तो मुखवटा घातलेला माणूसच दिसायला लागला, म्हणून ते चित्र बाद केलं. मग आला हा जड टोप, ज्याचे कोन आणि कडा बघूनच काहीतरी टोचतं. गावातल्या जुन्या वस्तूंच्या संग्रहालयात एक चित्र लागलेलं असतं, त्यात हाच उभा. त्या गावचा एकेकाळचा जल्लाद. मेरीसारखी दिसणारी मारिया नावाची बाई जेम्सला गावात भेटते, आणि हा तिला जेम्सच्या डोळ्यांदेखत मारतो. ती पुन्हा भेटते, पुन्हा मारतो. जेम्सला विसरू देत नाही. शेवटाकडे, सगळं आठवल्यावर, जेम्स त्याच्यासमोर उभा राहून म्हणतो की मी दुबळा होतो म्हणून मला तू लागलास, माझ्या पापाची शिक्षा देणारा कुणीतरी मला हवा होता. तोवर तसे दोन झालेले असतात. झटापट होते, पण त्यांचा शेवट जेम्सच्या हातून होत नाही. ते स्वतःच्याच भाल्यांनी स्वतःला संपवतात. त्यांचं काम झालेलं असतं.

तेव्हा "तो वाईट नाहीये, आई" हे तुमच्या मुलाचं वाक्य अगदी बरोबर आहे. जाणकारांनी लेख लिहून जे सांगितलं ते त्याने चार शब्दांत सांगितलं. तो राक्षस बाहेरून आलेला नाही, त्याला जेम्सने बोलावलंय. पण हे समजायला ज्याला शिक्षा हवीशी वाटते तो कोण, हे आतून कळावं लागतं. म्हणून मला काळजी वाटली, आणि म्हणूनच तुमच्या मुलाबद्दल आशाही वाटली. त्याने त्या रात्री तुम्हाला उत्तर दिलं होतं. ते उत्तर आहे हे तेव्हा लक्षात आलं नाही, इतकंच.

तुमचे यजमान गेले तेव्हा भेटायला आलेले लोक काय म्हणाले असतील याचा मी अंदाज करू शकते. "सुटले बिचारे." आपल्याकडे लांबलेल्या दुखण्यानंतर प्रत्येकजण हेच म्हणतो आणि मायेनेच म्हणतो. पण त्याच खोलीत, भिंतीला टेकून बसलेल्या मुलाला तो शब्द कसा ऐकू आला असेल? अडीच वर्षं झोप नाही, मित्र नाहीत, अंगाला औषधांचा आणि डेटॉलचा वास. सतराव्या वर्षापासून एकोणिसाव्यापर्यंत. त्या वयात मुलं रात्री टोळक्याने मरीन ड्राइव्हला जाऊन बसतात, कुणाच्या तरी प्रेमात पडतात, परळ नाक्यावर बुर्जीपाव खात उभी राहतात. हा रात्री दोनला उठून बापाला कुशीवर वळवत होता. एखाद्या रात्री त्याच्या मनात आलंच असेल की बाबा सुटले तर बरं. आणि त्याच्या पाठोपाठ, तोंडाने न उच्चारता, म्हणजे मी सुटेन. मग एक दिवस ते खरंच गेले, आणि पंधरा जण येऊन त्याच्यासमोर त्याच्याच मनातलं वाक्य बोलून गेले.

आणि मग कावळा. ताई, दीड तास. बाणगंगेवर तुम्ही सगळे हात जोडून उभे, कुणीतरी म्हणतंय त्यांची काय इच्छा राहिली असेल, कुणी म्हणतंय मुलाने काहीतरी कबूल करावं, बायकोने करावं. त्या दीड तासात त्या मुलाने स्वतःच्या मनाशी काय काय कबूल केलं असेल! त्याच्या लेखी ती कावळ्याने दिलेली साक्ष होती. बाबांना कळलं होतं, ते रागावून गेले. तुम्ही पत्रात हे जाता जाता लिहिलंय, पण तो तिथूनच गप्प झाला हे तुमच्या आईपणाला बरोबर कळलेलं आहे. तिथले कावळे सकाळपासून पिंडांच्या भातावर असतात. तुमची पाळी उशिरा आली असेल तर त्यांची पोटं भरलेली असतील. हे तुम्हाला कदाचित पटेल, कदाचित नाही. पण कुणीतरी हे त्याच्यासमोर मोठ्याने बोलायला हवं होतं.

नर्सांचंही सांगते, कारण त्यांनी तुम्हाला जास्त अस्वस्थ केलं असावं. चेहरा नसलेल्या, आखूड कपड्यांतल्या, वेड्यावाकड्या चालणाऱ्या. जेम्सने बायकोच्या आजारपणात हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये दिवस काढले. तो तरुण होता, त्याच्या शरीराला त्याच्या मागण्या होत्या, आणि त्या मागण्यांची त्याला लाज वाटत होती. मागणी आणि लाज एकत्र मिसळल्यावर जे तयार होतं ते त्या नर्सांच्या रूपाने चालत येतं. विशीतल्या मुलाला हे समजतं. त्यात बिघडलेलं काही नाही. तुम्ही त्यावर बोलायला जाऊ नका, तेवढं त्याचं त्याला राहू द्या.

या गेममधला मला सर्वांत जड गेलेला भाग मात्र राक्षसांचा नाहीच. शेवटाकडे एक लांबलचक रिकामा कॉरिडॉर आहे. चालताना फक्त आवाज ऐकू येतो. जेम्स फुलं घेऊन आलेला, आणि मेरी त्याच्यावर ओरडतेय की मला फुलं नकोत, जा घरी. आजाराने आणि औषधांनी मी राक्षसासारखी दिसायला लागलेय, असं ती स्वतःच म्हणते. मग लगेच रडते, जाऊ नकोस म्हणते. अंथरुणाला खिळलेलं माणूस प्रेमळ राहतंच असं नाही. तुमच्या यजमानांनीही, वाचा जेवढी उरली होती तेवढ्याने, मुलाला काही बोललं असेल. पेजेची नळी ओढून काढली असेल. त्याने हे तुम्हाला पहाटे पाचला डबा घेऊन निघताना सांगितलं नसेल.

मी हा गेम दोनदा खेळले. दुसऱ्यांदा खेळले तेव्हा सासूबाईंना जाऊन सहा महिने झाले होते. त्यांना स्मृतिभ्रंश होता, चार वर्षं मी त्यांच्याजवळ झोपत होते. एका पहाटे त्यांचा श्वास लांबला. मी उठून बसायला हवं होतं, दिवा लावायला हवा होता. मी दोन मिनिटं अंधारात नुसती ऐकत पडून राहिले. त्यानंतर त्या आणखी वर्षभर होत्या, माझ्या हातचा मऊ भात खात होत्या, आणि त्या दोन मिनिटांबद्दल मी कुणालाही बोलले नव्हते. त्या कॉरिडॉरमधून चालताना माझे हात गार पडले. गेम बंद करून मी नवऱ्याला उठवलं आणि सांगितलं. म्हणून तुमचा मुलगा तिथे परत परत का जातो हे मला कळतं. तिथे ते बोललं जातं. त्याच्या घरात अजून बोललं गेलेलं नाही.

सगळ्याच भुताच्या गेममध्ये असं काही दडलेलं असतं असं समजू नका. १९९६ च्या रेसिडेंट ईव्हिलमधला झॉम्बी मुख्यतः बंदुकीत गोळ्या किती उरल्या याचं गणित घालत येतो, आणि त्यातही मजा असते. पण काही गेम राक्षसाकरवी असं बोलतात की डॉक्टरलाही इतकं नेमकं सांगता येऊ नये. नॉर्वेत २०१४ मध्ये अमंग द स्लीप नावाचा गेम निघाला. त्यात आपण दोन वर्षांचं बाळ असतो, रांगत, धडपडत आईला शोधत असतो, आणि घरभर एक भेसूर बाई मागावर असते. ती बाई म्हणजे दारू प्यालेली आपलीच आई असते. दोन वर्षांच्या बाळाला 'आई प्यायली आहे' हे वाक्य येत नाही. त्याला राक्षसच दिसणार. तैवानच्या रेड कँडल गेम्सने २०१७ मध्ये डिटेन्शन काढला, तिथल्या लष्करी कायद्याच्या काळावरचा. तो कायदा १९४९ ते १९८७ असा अडतीस वर्षं होता, आणि बंदी असलेली पुस्तकं वाचली म्हणून माणसं उचलली जात होती. त्या गेममध्ये भूत आलं की श्वास रोखून धरायचा आणि मुकाट पुढे सरकायचं. त्या देशात एक अख्खी पिढी तशी जगली होती. आणि नायिकेला छळणारी गोष्ट तिने स्वतःच केलेली एक चहाडी असते.

तुमच्या पत्रातल्या दोनचार शब्दांवरून तुमचं गाव तळकोकणातलं वाटतं. मग हे तुम्हाला परकं वाटायला नको. मुंज झाली पण लग्न व्हायच्या आत गेला, त्या पोराचा मुंजा होऊन पिंपळावर बसतो. बाळंतपणात गेलेल्या बाईची अळवंत होते. आणि चकवा. रात्री पायवाटेवर माणूस चालत राहतो, चालत राहतो, आणि पहाटे बघतो तर निघाला तिथेच. आपल्या आज्यांनी ही नावं काही उगाच ठेवली नाहीत. पोराचं मरण आईच्याने बोलवत नव्हतं, तर पिंपळाखाली दिवा ठेवता यायचा. तुमच्या नणंदेला घरात काहीतरी आहे असं वाटतं, तेही अगदीच चुकीचं नाही. घरात न बोललेली गोष्ट आहे आणि तिची चाहूल त्यांना लागली आहे. तुमचा मुलगा संपलेला गेम पुन्हा पहिल्यापासून लावतो, तोही चकवाच आहे. पण विरारचा माणूस त्याच्या अंगातलं भूत काढायला निघेल, आणि मुलाला आधीच वाटतंय की आपल्यात काहीतरी वाईट आहे. ते त्याच्यावर शिक्कामोर्तब होईल. शिवाय भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे नणंदेच्या कानावर घाला.

आता एका गोष्टीबद्दल मी मऊ बोलणार नाही. या गेमला अनेक शेवट आहेत, आणि कुठला शेवट मिळणार हे गेम गुपचूप ठरवतो. खेळणारा कसा वागतोय ते तो पूर्ण वेळ बघत असतो. जेम्सला जखम झाली की लगेच औषध घेतलं का, की तसाच रक्ताळलेला फिरत राहिला? मेरीचा फोटो, तिचं पत्र काढून पाहिलं का? अँजेला नावाची एक मुलगी मागे ठेवून गेलेला सुरा सारखा काढून न्याहाळला का? जखमा तशाच ठेवून सुरा बघत राहणाऱ्याला मिळणाऱ्या शेवटात जेम्स गाडी तळ्यात घालतो. स्वतःची काळजी घेणाऱ्याला मिळणाऱ्या शेवटात तो लॉरा नावाच्या छोट्या मुलीला घेऊन गावाबाहेर पडतो. तुम्ही मुलाला विचारा, तुला कुठला शेवट मिळाला? तळ्याचा मिळाला म्हणून अर्थ काढायची घाई करू नका. सगळे शेवट बघण्यासाठीही मुलं परत परत खेळतात. पण गेम जे बघतो तेच तुम्ही घरात बघा. तो जेवतो का, की ताट सरकवतो? लागलं, कापलं, ताप आला तर सांगतो का? आवडीच्या वस्तू कुणाला देऊन टाकतोय का? "मी नसतो तर" असं काही बोलतो का? यातलं काही दिसलं तर सरळ, स्पष्ट विचारा, "जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का रे तुला?" विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. उलट आईने विचारलं याने मोकळं व्हायला होतं. आणि मग त्याच दिवशी मदत घ्या. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानसचा नंबर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. केईएम तुम्हाला लांब नाही, तिथे मानसोपचाराची ओपीडी आहे. यातलं काही दिसलं नाही तरी वडील गेल्यानंतर वर्षभर मुलगा मिटलेला असेल तर तिथल्या डॉक्टरशी एकदा बोलणं वाया जाणार नाही. मी पत्रावरून ताडतेय, ते समोर बसवून बघतील.

तुमच्याकडून मला जे हवंय ते त्याआधीचं आहे, आणि ते डॉक्टर करू शकणार नाही.

या गेममध्ये अँजेलाचा एक प्रसंग आहे. तिच्यावर बापाने केलेल्या अत्याचाराने ती पोळलेली आहे. जेम्स एका जिन्यापाशी येतो, तिथे सगळीकडे आग लागलेली आणि ती त्या आगीत शांत उभी. जेम्स म्हणतो, इथे किती प्रचंड उकडतंय. ती चमकून विचारते, तुलाही दिसतंय? माझ्यासाठी हे कायम असंच असतं. एवढं बोलून ती ज्वाळांतून जिना चढून जाते. जेम्सने तिची आग पाहिली, पण तो तिथेच उभा राहिला.

ताई, तुम्हालाही दिसतंय. अंथरुणावर पडून, आवाजाशिवाय, रोज रात्री तुम्ही त्याचं गाव बघताय. आणि तुमच्याही मनात अडीच वर्षांत कधीतरी तेच आलं असेल. पहाटे पाचला दार ओढून घेताना, आज संध्याकाळी परत येईन तेव्हा सगळं संपलेलं असू दे, असं. आलं नसेल तर मला माफ करा. आलं असेल तर ते आधी तुम्ही बोलायचंय. त्याच्याकडून काढून घ्यायचं नाही. "तुला बाबांबद्दल काय वाटतं" असं विचारलंत तर तो "काही नाही" म्हणेल आणि हेडफोन चढवेल. त्याला जेम्सबद्दल विचारा. हा इथे का आलाय, त्याने काय केलं, त्या छोट्या पोरीला हे राक्षस का दिसत नाहीत. लॉरा आठ वर्षांची आहे, त्याच गावात एकटी हिंडते, आणि तिच्या वाटेत एकही आकृती येत नाही. का, ते तो तुम्हाला सांगेल. आवडीच्या गोष्टीबद्दल कुणी विचारलं की मुलं बोलतात. जेम्सबद्दल तो जे बोलेल ते मध्ये न तोडता ऐका. "अरे पण तू तर किती केलंस बाबांचं" हे वाक्य निदान त्या रात्री तोंडाशी आलं तरी गिळा. गेलं वर्षभर सगळे हेच म्हणतायत, आणि दर वेळी त्याला वाटतं, यांना माहीत नाही.

मग तुमचं सांगा. दोन वाक्यांत, रडू आलं तर येऊ दे. मलाही वाटायचं सुटावेत. आणि कावळ्याचंही तेव्हाच काढा.

त्या गेमच्या एका शेवटात जेम्स मेरीसमोर कबूल करतो की तुला यातना होत होत्या म्हणून केलं हे पूर्ण खरं नाही, मला तुझा राग येत होता, मला माझं आयुष्य परत हवं होतं. ती एवढंच विचारते की ते खरं असेल तर तू इतका दुःखी का दिसतोयस? मुलगा तुमच्याजवळ कधी तेवढं बोललाच, तर तुम्हाला वेगळं उत्तर शोधायची गरज नाही. हेच विचारा. त्याला तो संवाद पाठ असेल.

वर्षश्राद्धाला पान वाढाल तेव्हा कावळ्याचा घास ठेवायला त्यालाच गच्चीवर पाठवा आणि तुम्हीही बरोबर जा. घास ठेवा आणि लगेच खाली या. वाट बघत उभं राहू नका, त्यालाही राहू देऊ नका. नातेवाईकांना काय वाटेल ते वाटो.

आणि हे सगळं सुरू करायला वर्षश्राद्धापर्यंत थांबू नका. येत्या शनिवारी रात्री, रविवारी तुम्हाला सुट्टी असेल तर, दोन कप चहा करा आणि गादीवरून उठून त्याच्याशेजारी जाऊन बसा. मोठे हेडफोन बाजूला ठेवायला सांगा. साधे इयरफोन लावा, एक कान त्याचा, एक तुमचा. जेम्सच्या खिशात एक छोटा रेडिओ असतो. धुक्यात अजून काहीच दिसत नसतं, पण राक्षस जवळ आला की तो रेडिओ आधी खरखरायला लागतो. इतके दिवस तुम्हाला नुसती चित्रं दिसली, ही खरखर तुम्ही ऐकलेली नाही. ती ऐकू आली की त्याला हळूच विचारा, आता कोण येतंय रे?